मी वकील नाही, पण पुस्तक दाखवतो



फौजेतला माणूस ग्रंथालयावर बोलायला उभा राहिला की लोकांना वाटतं, आता हा युद्धकथांच्या पुस्तकांची यादी वाचणार. तसं काही नाही. मी आज बोलणार आहे ते कायद्याच्या प्रश्नांबद्दल. कोर्टाचा कागद हातात आला, वकील परवडत नाही, कोणाला विचारावं कळत नाही, अशा माणसाला गावातलं किंवा गल्लीतलं वाचनालय काय मदत करू शकतं आणि काय करू शकत नाही, एवढाच माझा विषय आहे.

या विषयाशी माझा संबंध आला तो माझ्या एका चुकीमुळे. ती आधी सांगतो.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी मेजर होतो, कंपनी कमांडर. आमची पलटण काश्मीरमध्ये उंचावरच्या ठाण्यांवर होती. हिवाळ्यात रस्ता बंद झाला की टपालही दोन-दोन आठवडे यायचं नाही. एक दिवस माझ्या कंपनीतला एक नायक घरून आलेलं पत्र घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. गावाकडे चुलतभावानं विहिरीच्या शेतावर दावा लावला होता. कोर्टाचं समन्स घरी आलं होतं. बायकोला वाचता येत होतं, पण त्या कागदाचा अर्थ लागला नाही. मालक सुट्टीवर आले की बघतील म्हणून तिनं तो पत्र्याच्या पेटीत ठेवला. पुढे कोणीतरी भीती घातली, तेव्हा तिनं पत्र लिहिलं. ते आमच्यापर्यंत येईस्तोवर तारीख उलटून गेली होती.

मी काय केलं? जे आम्ही सगळे अधिकारी करायचो तेच. म्हटलं, "काळजी करू नकोस, मी कलेक्टर साहेबांना पत्र लिहितो." छान इंग्रजीत लिहिलं: जवान देशाची सीमा राखतोय, त्याच्या कुटुंबाला त्रास होतोय, कृपया लक्ष घालावं. पत्र गेलं. नायक निर्धास्त झाला, कारण साहेबांनी सांगितलं होतं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: प्रकरण दिवाणी न्यायालयात आहे, संबंधितानं तिथेच दाद मागावी. तोवर कोर्टात आमच्या बाजूनं कोणीच उभं राहिलं नव्हतं आणि दाव्याचा एकतर्फी हुकूमनामा झाला होता. शेत गेलं. विहीर गेली. पाण्याशिवाय उरलेल्या जमिनीत बैलांना काम नाही आणि वैरणही नाही, म्हणून त्याच्या बायकोनं बैल विकले.

पुढे मी सुट्टीवर जाताना एका छावणीच्या गावात दोन दिवस अडकलो. वेळ घालवायला तिथल्या सार्वजनिक वाचनालयात गेलो. वर्तमानपत्र चाळताना तिथल्या ग्रंथपालांशी बोलणं झालं आणि मनात खदखदत होतं ते मी बोलून गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मेजर साहेब, मी वकील नाही. काय करा ते मी सांगणार नाही. पण तीन गोष्टी सांगा. कागद नेमका कोणता आला होता? त्यावर तारीख काय होती? आणि त्या तारखेला जवान कुठे होता?"

पहिल्या दोन गोष्टी मला नीट सांगता आल्या नाहीत. मी तो कागद पाहिलाच नव्हता! तिसरी सांगता आली. ते उठले, मागच्या कपाटातून एक जुना जाडजूड खंड काढला आणि माझ्यासमोर ठेवला. त्यात १९२५ सालचा इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अ‍ॅक्ट होता. म्हणजे सैनिकांच्या खटल्यांसाठीचा खास कायदा. युद्धक्षेत्रात किंवा कायद्यात सांगितलेल्या खास परिस्थितीत असलेला सैनिक कोर्टात हजर राहू शकत नसेल, तर जिल्ह्याचा कलेक्टर तसं प्रमाणपत्र कोर्टाला देऊ शकतो. कोर्ट कामकाज थांबवू शकतं. अशा सैनिकाविरुद्ध झालेला एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचीही त्यात तरतूद आहे.

मी ते वाचत बसलो. कान गरम झाले होते. म्हणजे माझं पत्र गेलं होतं बरोबर माणसाकडेच! फक्त त्यात जे मागायला हवं होतं ते मी मागितलं नव्हतं. कलेक्टरांना मी लक्ष घालायला सांगितलं, पण प्रमाणपत्र मागितलं नाही. साठ-सत्तर वर्षं जुना कायदा आमच्याचसाठी केलेला होता, तो माझ्या जवानाला माहीत नव्हता यात नवल नाही. मला माहीत नव्हता, हे मात्र चूकच होतं.

पुढे आम्ही रीतसर वकील केला, नव्यानं कागदपत्रं गेली आणि हुकूमनामा रद्द झाला. दावा पुन्हा सुरू झाला आणि काही वर्षांनी तडजोड होऊन शेताचा निम्मा भाग त्याच्याकडे राहिला. पण मधले हंगाम परत आले नाहीत आणि बैलही. हे सगळं त्या ग्रंथपालांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. वकिलानं काम केलं, कोर्टानं न्याय दिला. पण ग्रंथपालांनी ते पान उघडलं नसतं, तर वकिलापर्यंत जाण्याचा विचारच आमच्या मनात आला नसता.

निवृत्तीनंतर मी बडोद्यात स्थायिक झालो. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं उभारलं, ते हे गाव. गाडीवरून खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या पाठवणाऱ्या त्या योजनेचा वारसा इथे अजून अभिमानानं सांगतात. मी घराजवळच्या एका लहान वाचनालयात शनिवारी दुपारी मदतीला बसतो. पुस्तकं देणं-घेणं करतो आणि कोणी कागद घेऊन आलं, तर त्या छावणीतल्या ग्रंथपालांनी केलं तेच करण्याचा प्रयत्न करतो.

कागद घेऊन येणारा माणूस सरळ विचारत नाही, हे आधी लक्षात घ्या. तो मासिकं चाळतो, घड्याळ बघतो, गर्दी कमी झाली की टेबलाशी येतो आणि म्हणतो, "माझ्या एका मित्राचं काम आहे." मित्राचं म्हटलं की समजायचं, स्वतःचं आहे. त्याला कोपऱ्यात बसवावं, हळू बोलावं, त्याचं नाव कुठल्याही वहीत लिहू नये. कोर्टाचा कागद घरात येणं ही आपल्याकडे अजून शरमेची गोष्ट मानतात. त्या शरमेपायी लोक कागद लपवतात, आणि लपवण्यात मुदत जाते.

कायद्याच्या कामात मुदत ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. दिवाणी दाव्याचं समन्स मिळाल्यावर लेखी म्हणणं द्यायला साधारण ३० दिवस असतात. कोर्ट ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. एकतर्फी हुकूमनामा रद्द करा म्हणून अर्ज करायला ३० दिवस. उसने पैसे वसूल करण्याचा दावा साधारणपणे तीन वर्षांच्या आत. ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत. माहिती अधिकाराच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर पहिलं अपील पुढच्या ३० दिवसांत. हे आकडे पुस्तकात छापलेले आहेत, त्यात गुपित काही नाही. पण ज्याच्या हातात कागद आहे त्याच्या हातात ते पुस्तक नसतं. ग्रंथपालानं एवढी गाठ घालून दिली तरी फार झालं. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं एक वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. कादंबरी शोधणाऱ्याची दहा मिनिटं वाचतात. समन्स घेऊन आलेल्याचं कधीकधी घर वाचतं.

आता मुख्य अडचण. मी ही गोष्ट अनेक ग्रंथपालांशी बोललो. बहुतेकांचं उत्तर एकच असतं: "साहेब, आम्ही सांगितलं आणि चुकलं तर? आमच्यावर येईल." ही भीती रास्त आहे. आपल्याकडे अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ नुसार वकिलीचा व्यवसाय फक्त नोंदणी झालेल्या वकिलांनाच करता येतो. ग्रंथपालानं सल्ला देऊच नये. पण सल्ला देणं वेगळं आणि माहिती दाखवणं वेगळं, आणि यांच्यामधली रेषा वाटते तेवढी पुसट नाही.

उदाहरण देतो. कोणी विचारलं, "एकतर्फी हुकूम रद्द करायला किती दिवस असतात?" तर मुदतीचा कायदा काढून ते पान दाखवा. ही माहिती झाली. त्यानं पुढे विचारलं, "माझे चाळीस दिवस झालेत, उशीर माफ होईल का?" तर तिथे थांबायचं. उशीर माफ करण्याचं कलम आहे, एवढं दाखवता येईल. पण तुमचं कारण चालेल की नाही, हे वकिलानं सांगायचं. अर्जाचा छापील नमुना देणं ही माहिती. त्या नमुन्यात काय लिहायचं हे ठरवणं हा सल्ला. कुठल्या कार्यालयात जायचं, ते कुठे आहे, किती वाजता उघडतं, ही माहिती. दावा लावा, लावू नका, तडजोड करा, हा सल्ला.

फौजी माणसाला ही रेषा पाळणं सगळ्यात जड जातं, हे मी अनुभवानं सांगतो. आमची सवय हुकूम देण्याची. समोर कोणी हतबल उभं राहिलं की तोंडून निघतंच, "असं करा." गेल्या वर्षी एक आजी आल्या. मूळच्या कोकणातल्या, इथे चाळीस वर्षं राहिलेल्या. घर मुलाच्या नावे बक्षीसपत्रानं करून दिलं होतं, आता मुलगा-सून नीट बघत नव्हते. म्हणाल्या, "दादा, तुम्हीच सांगा, मी काय करू?" माझ्या जिभेवर आलं होतं, "आजी, बक्षीसपत्र रद्द करून टाका." तेवढ्यात तो नायक आठवला. मी एकदा असाच छातीठोकपणे बोललो होतो.

मग मी २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा काढला आणि कलम २३ वाचून दाखवलं. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि घेणारा सांभाळ करत नसेल, तर ते हस्तांतरण रद्द ठरवण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. हा अर्ज ज्येष्ठ नागरिक स्वतः करू शकतो. पण त्यांच्या बक्षीसपत्रात तशी अट आहे का, नसेल तर काय, यावर न्यायालयांमध्ये बराच खल झालेला आहे. ते मी ठरवणं बरोबर नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "आजी, हे कलम आहे. तुमच्या कागदाला ते लागू होतं की नाही हे वकील सांगतील, आणि तुम्हाला वकील फुकट मिळू शकतो." त्या चकित झाल्या. त्यांना वाटत होतं, फुकट वकील फक्त तुरुंगातल्या माणसाला मिळतो.

हा गैरसमज सगळीकडे आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. राज्यघटनेच्या ३९-अ या अनुच्छेदात मोफत कायदेविषयक साहाय्याचं तत्त्व आहे. त्यासाठी १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला, तो ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला. त्याच्या १२ व्या कलमात कोणाला मोफत वकील मिळेल ते दिलं आहे. स्त्रिया आणि मुलं, त्यांचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातींतले लोक. अपंग व्यक्ती. औद्योगिक कामगार. पूर, भूकंप, दंगल अशा आपत्तींत सापडलेले. कोठडीतले. आणि ज्यांचं वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत आहे असे सगळे. ही मर्यादा राज्यागणिक वेगळी असते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. १५१०० हा त्यांच्या मदतवाहिनीचा क्रमांक आहे. प्रत्येक वाचनालयाच्या दारावर, पुस्तकांच्या वेळापत्रकाशेजारी, हा पाच आकडी क्रमांक मोठ्या अक्षरांत लावायला काही खर्च येत नाही.

आता महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी एक खास गोष्ट. आपण इंदूरला असतो, बडोद्याला असतो, हैदराबाद, बंगळुरूला असतो; पण सल्ला विचारतो पुण्याच्या मेहुण्याला. मेहुणा त्याच्या अनुभवातून सांगतो आणि तो अनुभव महाराष्ट्राचा असतो. भाडेकरूचा कायदा राज्याचा असतो. महाराष्ट्राचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा मध्य प्रदेशात चालत नाही. जमिनीचे कागदही वेगळे. महाराष्ट्रात आणि गुजरातेत सात-बारा म्हणतात, मध्य प्रदेशात खसरा-खतौनी, तेलंगणात पहाणी. मुद्रांक शुल्क वेगळं. माहिती अधिकाराचा कायदा देशभर एक, पण शुल्काचे नियम राज्यांचे वेगवेगळे. म्हणून कायद्याचा प्रश्न आला की आधी विचारायचं: मालमत्ता कुठल्या राज्यात? कागद कुठल्या कार्यालयाचा? स्थानिक वाचनालयाचा मोठा उपयोग इथे आहे. त्या राज्याचे नियम, तिथल्या भाषेतले, तिथेच सापडतात. आणि मराठीत वाचायचं असेल, तर महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयानं अनेक केंद्रीय कायद्यांचे मराठी अनुवाद काढलेले आहेत.

दुसरी सावधगिरी पुस्तकांच्या तारखेची. फौजेत जुना नकाशा हाती आला तर वरच्या कोपऱ्यातलं सर्वेक्षणाचं साल आधी बघतात. नाहीतर नकाशात पूल असतो आणि नदीवर नसतो. कायद्याच्या कपाटाचंही तसंच आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचं कलम ४२० आपल्या बोलण्यात म्हणीसारखं रुळलंय, ते आता ३१८ मध्ये गेलंय. पोलिसांत फिर्याद नोंदवण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १५४ मध्ये होती, ती नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ मध्ये आहे. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, पोलीस ठाण्यानं खबर नोंदवली पाहिजे आणि फिर्यादीला तिची प्रत मोफत दिली पाहिजे, हे त्यात स्पष्ट आहे. अनेक वाचनालयांच्या कपाटात मात्र अजून जुनीच पुस्तकं उभी आहेत. ती रद्दीत टाकू नका. त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुना कायदाच लागतो. फक्त पुस्तकाच्या कव्हरवर चिठ्ठी लावा: "१ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांसाठी." आणि शेजारी नवं पुस्तक ठेवा. पैसे नसतील, तर केंद्र सरकारच्या इंडिया कोड या संकेतस्थळावर केंद्रीय कायदे फुकट वाचता येतात, आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आपल्या खटल्याची पुढची तारीख कळते. एखाद्या आजोबांना ती तारीख मोबाइलवर काढून दिली, तर एसटीची एक फुकटची खेप वाचते.

ग्रंथपालांची तक्रारही मला ऐकवली पाहिजे. ते म्हणतात, आमचा पगार किती, अनुदान कधी येतं, वर्तमानपत्रांची बिलं कशी भागवतो, ते आम्हालाच माहीत. त्यात हे नवं काम कुठे? त्यांचं म्हणणं खरं आहे. कॅलिफोर्नियात प्रत्येक काउंटीत लोकांसाठी स्वतंत्र कायदा ग्रंथालय आहे आणि दिवाणी दावे दाखल करताना भरलेल्या शुल्काचा काही भाग त्याला मिळतो. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही. म्हणून सगळा भार ग्रंथपालावर टाकू नये. विधी सेवा प्राधिकरणाकडे पॅरा लीगल व्हॉलंटिअर असतात, म्हणजे प्रशिक्षण दिलेले विधी स्वयंसेवक. निवृत्त शिक्षक, निवृत्त सरकारी कर्मचारी, ज्येष्ठ नागरिक यांनाही ते काम करता येतं. वाचनालयानं प्राधिकरणाला पत्र लिहावं: आमच्याकडे टेबल आहे, दोन खुर्च्या आहेत, पंखा आहे, आठवड्यातून एक दुपार तुमचा माणूस पाठवा. आणि माझ्या वयाच्या मंडळींना मी म्हणेन, सकाळचं फिरणं झाल्यावर हे करायला हरकत नाही. माझ्या फौजी बांधवांच्या कुटुंबांसाठी तर नाल्सानं २०२५ मध्ये वीर परिवार सहायता योजनाही सुरू केली आहे. आम्हाला तेव्हा हे मिळालं असतं, तर त्या पत्र्याच्या पेटीतला कागद वेळेत बाहेर आला असता.

एक शेवटची गंमत. माहिती अधिकाराच्या कायद्यात, कलम ४ मध्ये, प्रत्येक सरकारी कार्यालयानं स्वतःहून कोणती माहिती जाहीर करायची याची यादी आहे. त्या यादीत असंही म्हटलंय की लोकांसाठी ग्रंथालय किंवा वाचनकक्ष चालवत असाल, तर त्याच्या वेळाही सांगा. म्हणजे नागरिकाला माहिती मिळण्याची जागा म्हणून कायदा करणाऱ्यांना ग्रंथालय आठवलं होतं. आपल्यालाच त्याचा विसर पडलाय.

त्या आजी पुढच्या महिन्यात पुन्हा आल्या. प्राधिकरणानं दिलेल्या वकील बाईंनी त्यांचे कागद बघितले होते, मुलाला बोलावून समजुतीची बैठक ठरली होती. निकाल काय लागला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "ते कलमाचं पान झेरॉक्स करून मिळेल का? आमच्या इमारतीत अजून एकीला द्यायचंय."

मी झेरॉक्स काढून दिली. दोन रुपये त्यांनी हट्टानं दिलेच.

तुमच्या जवळच्या वाचनालयात या आठवड्यात एकदा जा आणि विचारा, "तुमच्याकडे कायद्याचं कपाट आहे का? त्यातली पुस्तकं कुठल्या सालची आहेत?" एवढा प्रश्न कोणीतरी विचारला की ते कपाट उघडतं. पुढचं काम तिथून सुरू होतं.